न बोलण्यासाठी घेतलेला मोडेम

माझ्या भाचीच्या मोबाइलवर परवा एक आवाज वाजला आणि मी भाजी निवडता निवडता ताडकन उठले. आधी सलग 'टूं', मग दोन किंकाळ्या, मग कुणी पत्र्यावर वाळू ओतावी तशी खरखर. भाची हसायला लागली. "मावशी, अगं हा जुन्या मोडेमचा आवाज आहे. गंमत म्हणून रिंगटोन ठेवलाय." मी म्हटलं, "गंमत राहू दे, हा जोड नीट लागलेला नाही. शेवटी गचका आहे बघ. लाइन ओली असणार." तिनं माझ्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं की मी मुकाट्यानं पुन्हा मेथी निवडायला बसले. ज्या आवाजावर मी उमेदीच्या वर्षांत पोट भरलं, तो आता लोक हसण्यासाठी वाजवतात. वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोलू, थोडं हसूही आलं.

शिरवळच्या कारखान्यांपासून विट्याच्या गलाईवाल्यांपर्यंत मी मोडेम बसवत फिरले. राहायला सांगलीत, काम सगळं एसटीनं. पिशवीत मोडेम, त्याभोवती टॉवेल, वर डबा. काम काय, ते आजच्या वाचकाला सांगायला हवं. तेव्हा आमच्याकडे इंटरनेट नव्हतं, म्हणजे पुण्यामुंबईत असेल, आमच्यापर्यंत त्याचं नुसतं नाव पोचलं होतं. पण एका गावातल्या कॉम्प्युटरवरची फाइल किंवा टपाल दुसऱ्या गावातल्या कॉम्प्युटरवर पाठवता यायचं, ते साध्या टेलिफोनच्या तारेवरून. तारेला फक्त आवाज कळतो, म्हणून मोडेम अक्षरांचा आवाज करायचा आणि पलीकडचा मोडेम त्या आवाजाची पुन्हा अक्षरं करायचा. एका मोडेमनं दुसऱ्याला फोन लावायचा, दोघांनी आधी किंचाळून 'किती वेगानं बोलायचं' ते ठरवायचं आणि मग कामाला लागायचं. त्यांचं जमावं म्हणून दोघांना आधी शिस्त लावावी लागे. फोनची घंटा कितव्यांदा वाजली की उचलायचा, आपल्या एक्स्चेंजला चालेल असा नंबर कसा फिरवायचा, लाइन खराब असेल तर किती हळू बोलायचं, हे सगळं बारीकसारीक अक्षरं टाइप करून सांगायचं. प्रत्येक आज्ञेची सुरुवात 'एटी'नं व्हायची, म्हणजे 'लक्ष दे'. घरी मी सगळ्यांशी तशीच बोलायला लागले होते असं माझे यजमान म्हणत.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. शिरवळच्या एका कारखान्यात लष्करातून निवृत्त झालेले एक सुभेदार मोडेमवर देखरेखीला होते. मोडेम वाजायला लागला की ते स्वतः सावधानमध्ये उभे राहत आणि खोलीतल्या सगळ्यांना गप्प करत. "मशीन बोल रहा है," असं हिंदीत दरडावत. फाइल जाईपर्यंत कुणी खोकायचंही नाही. त्या कारखान्याची लाइन कधी तुटली नाही हेही खरं, त्यामुळे मी त्यांना काही समजावायला गेले नाही. सातारच्या एका कचेरीतले हेडक्लार्क मात्र माझ्यावर चिडलेच. फाइल पाठवून झाल्यावर ते पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले, "बाई, पाठवली म्हणता, मग इथं अजून कशी?" मी सांगितलं की तिची नक्कल जाते. त्यांचं समाधान झालं नाही. पाठवलेली वस्तू घरात राहते, यात त्यांना काहीतरी लबाडी वाटत होती.

पण ज्यांच्याबद्दल लिहायला बसले ते विट्याच्या पुढच्या एका गावातले आबा. गलाई म्हणजे जुनं सोनं वितळवून शुद्ध करायचं काम. विट्याच्या बाजूची माणसं हे काम घेऊन देशभर पांगलीत. आबांनीही तरुणपणी कोइम्बतूरला भट्टी टाकली, दुकान नावारूपाला आणलं आणि ते मुलाच्या, विलासच्या, हातात देऊन गावी परतले. गावात दोन मजली बंगला, पुढच्या सोप्यात कॉम्प्युटर, त्यावर आबांच्या बायकोनं, काकींनी, विणलेलं झाकण.

पहिल्या भेटीत आबांनी मला तीनच प्रश्न विचारले.

"बाई, हितलं मशीन आन् तिकडलं मशीन आपसात बोलतंय म्हनं?"

"बोलतं."

"रोजचा हिशोब, निरोप, समदं जातंय?"

"सगळं जातं."

"मधी मानसाला बोलाय लागत न्हाई?"

"अजिबात नाही," मी अभिमानानं म्हटलं.

"मंग बसवा," आबा म्हणाले.

वेग किती, हमी किती, काही विचारलं नाही. इतकं सरळ गिऱ्हाईक मला त्या पट्ट्यात दुसरं भेटलं नव्हतं. का, ते मला विलासशी बोलल्यावर कळलं. दोन्ही मोडेम मी सांगलीतच जुळवून घेतले होते. त्यातला एक गावच्या एका माणसाबरोबर मिरजेहून रेल्वेनं कोइम्बतूरला गेला आणि विलासला मी सांगलीहून फोनवर एकेक आज्ञा सांगत होते. मधेच तो म्हणाला, "म्याडम, आमची आई बरी हाय का?"

मी म्हटलं, "मला काय विचारता? घरी विचारा की."

"आबा बोलत न्हाईत माझ्यासंगं. हितं घर घेतलं ना मी. आबांचं म्हननं, तिकडं घर केलंस म्हंजी गाव सुटलं. त्यात त्या साली पोरीच्या परीक्षेपायी जत्रंला आलो न्हाई. मग तर संपलंच. आता मी फोन केला की आबा 'राँग नंबर' म्हनून ठिवत्यात."

तोपर्यंत दुकानातला एक जुना कारागीर रोज फोन करून आबांना हिशोब सांगायचा, आणि त्याचं झालं की रिसीव्हर विलासकडे आणि इकडे काकींकडे जायचा. मायलेकांची चार वाक्यं व्हायची. तो कारागीर काम सोडून गेला. आता बापलेकांना बोलावंच लागणार होतं, आणि ते टाळायला आबांनी मोडेम घेतला होता. माणसं एकमेकांशी बोलावीत म्हणून टेलिफोन निघाला, पण दोघांनी बोलू नये म्हणून त्याच तारेवर यंत्र बसवणारे आबा पहिलेच.

वेळ ठरली दुपारी तीनची, कारण संध्याकाळी आमच्याकडे वीज नसायची. तिकडून मोडेमनं फोन लावायचा, इकडच्या मोडेमनं पहिली घंटा होऊ द्यायची आणि दुसरीला उचलायचं. पहिल्या दिवशी मी समोर बसले. घंटा, किंकाळ्या, खरखर, आणि हिशोब हजर. सोबत विलासचं टपाल आलं होतं. त्यात पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, 'आबा, नमस्कार.' आबांनी ते वाचलं आणि एका बोटानं उत्तर टाइप केलं, 'हिशोब मिळाला.' मी चहा, पोहे, पुन्हा चहा घेऊन निघाले.

दुसऱ्या दिवशी आबांचा फोन. "बाई, तुमचं मशीन आर्ध्यातच गप होतंय."

मी गेले. तीन वाजता सगळं सुरळीत. चहापोहे घेऊन परत आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. पुन्हा गेले, पुन्हा सुरळीत. मी बसले की मशीन शहाणं, मी उठले की त्याच्या अंगात येणार. मी वेग कमी केला. वायरमनला बोलावून खांबावरचा डबा उघडला, त्यात मुंग्यांनी वसाहत केली होती, ती हलवली. सॉकेट बदललं. आबा म्हणाले, "बाई, तुमाला बघितलं की ते लाजतंय." गावात तर असं पसरलं की मशीनला बाईंची सवय लागलीय, त्यांना इथंच खोली द्या.

तिसऱ्या की चौथ्या खेपेला मी विट्यातल्या एका पतसंस्थेचं काम करून आले. तिथं त्यांनी कसल्याशा आनंदात जिलेबी खाऊ घातली होती, इतकी की आबांच्या घरी मी हात जोडून सांगितलं, "काकी, आज चहासुद्धा नको." तीन वाजले. घंटा झाली, मोडेम किंचाळले, जोड लागला, फाइल यायला लागली आणि माझ्या डोळ्यांदेखत तुटली.

मला आधी आनंद झाला. रोग डॉक्टरसमोर दिसला की होतो तसा. मग मी विचार करायला लागले की आज वेगळं काय झालं. लाइन तीच, वेग तोच. वेगळं एवढंच की मी चहा नको म्हटला होता. म्हणजे इतर दिवशी मी असले की तीन वाजता काकी स्टोव्हपाशी असायच्या. आज त्यांचे हात मोकळे होते. मी उठून स्वयंपाकघरात गेले.

तिथं भिंतीला फोनचं दुसरं डबडं होतं. त्याला डायल नव्हती, पुढचा फोन वाजला तर आतून उचलता यावा म्हणून लावलेलं. काकी त्याचा रिसीव्हर कानाला लावून, डोळे मिटून उभ्या होत्या. अशा वेळी कुणी मधेच दुसरा रिसीव्हर उचलला की मोडेमच्या बोलण्यात गोंधळ होतो आणि जोड तुटतो. माझं एवढ्या खेपांचं संशोधन तिथं संपलं.

"काकी, काय ऐकताय?"

त्या दचकल्या. रिसीव्हर ठेवला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "ह्ये तिकडनंच येतंय न्हवं? इलासच्या दुकानातनं?"

"हो, पण ते यंत्राचं किंचाळणं आहे."

"म्हायती हाय गं. पर त्येच्या मागं दुकान आसंल की. आदी फोन आला म्हंजी मागनं भट्टीचा पंखा आयकाय यायचा. इलास कुनाला तरी हाक मारायचा. म्हनलं, मधी कुटंतरी त्येवढं आयकाय यील."

त्या आवाजामागं दुकान नसतं, तार थेट यंत्राला जोडलेली असते, हे मला सांगावंसं वाटेना. पण सांगितलं. मग म्हटलं, "काकी, समोरच्या दुकानात पीसीओ आहे. तिथून लावा ना विलासला."

"आन् चोरून बोलू? माझ्या लेकासंगं?" काकींचा आवाज एकदम चढला. "म्या न्हाई बोलायची चोरून."

चोरून ऐकायचं चालतं, बोलायचं चालत नाही, असा तो कायदा होता. मी तो मोडायला गेले नाही. पण मला फार वाईट वाटलं. त्यांना लेकाशी बोलायला रोज चार वाक्यं मिळत होती, तीसुद्धा मी 'अजिबात नाही' म्हणत अभिमानानं काढून घेतली होती.

दुरुस्ती अगदी सोपी होती. स्वयंपाकघरातली वायर कापायची, काम फत्ते. पक्कड माझ्या हातात होती. मी ती पिशवीत ठेवली आणि सोप्यात येऊन आबांना सांगितलं, "आबा, तुमच्या गावची लाइन नाजूक आहे. यंत्रानं आपलं आपण फोन उचलायचं इथं जमणार नाही. आधी माणसानं फोन उचलायचा, पलीकडच्या माणसाशी बोलून लाइन साफ आहे का बघायचं, आणि मग दोन्हीकडे एकदम कळ दाबायची."

हे काही मी मनचं सांगत नव्हते. मोडेमला तशी सोय असतेच. फोनवर आधी बोलायचं आणि मग दोघांनी मोडेमला आज्ञा द्यायची. फक्त ती वापरायची गरज नव्हती. चांगलं चाललेलं यंत्र मी मुद्दाम अडाणी करून ठेवत होते, आणि माझ्या सगळ्या कामांत त्याच जोडणीचा मला जास्त अभिमान आहे.

आबांचा चेहरा पडला. "मंग मशीन घेतलं कशाला म्या? बोलाय लागत न्हाई म्हनला हुता तुमी."

"तुम्हाला कुठं बोलायचंय? तुम्ही यंत्रावर बसा, कळ दाबा. फोनवर काकी बोलतील."

आबांनी बराच वेळ मिशीवरून हात फिरवला. शेवटी म्हणाले, "लाइनीपुरतंच."

"लाइनीपुरतंच," मी म्हटलं. आत भांडं पडल्याचा आवाज आला.

महिन्याभरानं मी तिकडे दुसऱ्या कामाला गेले होते, तेव्हा मुद्दाम तीनच्या सुमाराला आबांकडे डोकावले. काकी डोक्यावर पदर घेऊन, पाटावर बसावं तशा खुर्चीत ताठ बसल्या होत्या. फोन आता कॉम्प्युटरशेजारी आणला होता. आबा कळफलकावर, एक बोट कळीच्या वर धरून.

घंटा झाली. काकींनी उचलला. "आलं का रं... व्हय, लाइन चांगली हाय. जेवलास का? काय हुतं भाजीला? आन् पोरगी? ताप उतरला न्हवं?"

आबांचं बोट तसंच अधांतरी. "दाबू का?"

"थांबा जरा. लाइन बघतीया."

काकींनी लाइन भरपूर बघितली. पोरीचा ताप, सुनेची आई, शेजारणीचं बाळंतपण, एवढी बारकाईची लाइन तपासणी मी टेलिफोन खात्यातही कधी पाहिली नाही. आबांचं बोट अवघडलं तसे ते म्हणाले, "इचार, तिकडं पाऊस हाय का."

"तुमीच इचारा की." काकींनी रिसीव्हर पुढं केला.

"म्या मशीनवर हाय," आबा म्हणाले आणि पडद्याकडे बघायला लागले. पडदा कोरा होता.

"पाऊस हाय म्हनतोय," काकी म्हणाल्या. "आन् इचारतोय, आबांचा गुडगा कसा हाय."

"सांग, हाय जागच्या जागी."

मग काकी दोन्हीकडे एकदम म्हणाल्या, "दाबा आता." फाइल झरझर आली. मी चहा घेतला.

मला वाटलं होतं, महिन्या-दोन महिन्यांत आबा वितळतील. आयुष्यभर सोनं वितळवलेला माणूस. पण नाही. पावसाळा गेला, जत्रा आली, विलास त्याही साली आला नाही, म्हणजे 'ये' म्हटल्याशिवाय यायचं नाही असं त्यानं ठरवलेलं, आणि हिशोब मिळाल्याच्या पलीकडे आबांनी अक्षर टाइप केलं नाही. दोघं एकाच मातीचे. मी मधून मधून फोन करून 'मशीन कसं आहे' विचारायची आणि आबा म्हणायचे, "मशीन बेस हाय." मला विचारायचं होतं ते वेगळं होतं, आणि ते आबांना कळत असावं असा मला संशय आहे.

एके दिवशी दुपारी, तीन वाजून गेले होते, माझ्या सांगलीच्या दुकानातला फोन वाजला. मागं एसटीचा हॉर्न, बाजाराचा गलका. बाईचा आवाज, खणखणीत.

"पोरी, मी काकी. समूरच्या पीसीओतनं बोलतीया."

ज्या बाईनं लेकाला पीसीओतून फोन केला नाही, ती मला करतेय. "काय झालं काकी? आबा बरे आहेत ना?"

"त्यास्नी काय धाड भरलीया. म्या सांगाय फोन केला, आज हिशोब यायचा न्हाई. दुकानातली मानसं तुला फोन करत्याल, मशीन बिघाडलं म्हनून. तर तू येऊ नगंस. आन् मशीन चालतंय का बघाय म्हनून घरला फोनबी लावू नगंस."

"पण बिघडलंय काय?"

"काय न्हाई बिघाडलं. सकाळधरनं माझा घसा बसलाय. आवाजच फुटंना. मग तीनला घंटा वाजली तवा फोन कोन उचलनार? त्यास्नीच उचलाय लागला."

काकींच्या आवाजानं माझ्या कानात दडे बसत होते.

"मग?"

"मग काय. आदी म्हनले, 'लाइन बगाय उचललाय.' मग म्हनले, 'पाऊस हाय का.' मी आत गेले. बाहीर आले तर फोन ह्या कानावरनं त्या कानावर गेल्याला. मघापासनं बोलत्यात बघ. डोळं पुसत्यात, परत बोलत्यात. कळ दाबायची इसरल्यात दोघंबी."

बाजूला गिऱ्हाईक उभं होतं, तरी मला रडू आलं ते आलंच. मी विचारलं, "काकी, मग तुम्ही बोलला की नाही विलासशी?"

"मी कशी बोलू?" काकी म्हणाल्या. "माझा घसा बसलाय न्हवं. चार दिस तरी ऱ्हाईल आसा."